शांतता कोणाची?

अपस्मारावरील औषध संतापावर चालते काय, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यांचा आहे. परंतु ज्या घरात तरुण मुलगा क्षणात भडकून हात उगारतो, अथवा स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले वडील रात्रभर ओरडतात, त्या घराला तो रोजच्या जगण्याचा प्रश्न वाटतो. आणि जेथे एका माणसाच्या मनाचा ताबा दुसऱ्याच्या हाती जातो, तेथे तो नागरिकाच्या हक्काचाही होतो.

प्रथम या औषधांचे उपकार मान्य केले पाहिजेत. १९६२ साली फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे काही नवी संयुगे विरघळविण्यासाठी व्हॅल्प्रोइक आम्ल वापरण्यात आले. झटके थांबत होते ते त्या संयुगांनी नव्हे, तर या आम्लाने, असे ध्यानात आले. पुढे त्याच कुळातील औषध उन्मादाच्या रुग्णांना फ्रान्समध्येच देण्यात आले. कार्बामाझेपीनचा तसाच उपयोग १९७० नंतर जपानी डॉक्टरांनी नोंदविला. १९९५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने व्हॅल्प्रोएटच्या एका प्रकाराला उन्मादावरील उपचार म्हणून मान्यता दिली. उन्माद आणि विषण्णता यांच्या हेलकाव्यांत सापडलेल्या अनेकांना या गोळ्यांनी संसारात आणि कामावर परत आणले आहे. औषधेच नकोत, असा सूर काढणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही.

पेच पडतो तो रोग आणि वर्तन यांतील रेषा पुसली जाते तेव्हा. उन्माद हा रोग आहे. संताप हे लक्षण आहे. तो उन्मादातून येईल, दारूतून येईल, वेदनेतून येईल आणि अपमानातूनही येईल. ज्याला सांगता येत नाही असा वृद्ध मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने तळमळत असेल, तर त्याला गुंगीत ठेवणे म्हणजे तक्रार करणाऱ्याचे तोंड बांधणे होय. निव्वळ आक्रमकतेवर या औषधांचा गुण येतो, याचा पुरावा तुटपुंजा आणि परस्परविरोधी आहे. स्मृतिभ्रंशातील अस्वस्थतेवर तर व्हॅल्प्रोएटचा लाभ सिद्ध झालेला नाही. अपाय मात्र दिसले आहेत.

तरीही ते खपविण्यात आले. अमेरिकेतील ॲबट कंपनीने २०१२ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. विश्वसनीय पुरावा नसताना वृद्ध रुग्णांच्या आक्रमकतेसाठी हे औषध शुश्रूषागृहांत खपावे म्हणून १९९८ पासून निदान २००६ पर्यंत तिने खास विक्रेते राबविले होते. दंड आणि भरपाईपोटी तिला सुमारे १५० कोटी डॉलर भरावे लागले. गिऱ्हाईक स्वतः बोलू शकत नाही, हेच या व्यापाराचे भांडवल होते.

हे दूरचे प्रकरण म्हणून सोडून देता येणार नाही. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीत ठेवण्यास पूर्ण बंदी केली, आणि आपल्यावरील उपचारांविषयीची इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकारही प्रौढांना दिला. लोखंडी साखळी डोळ्यांना दिसते. गोळीची दिसत नाही. मुले आखातात किंवा इंग्लंडात, आणि आईवडील वृद्धाश्रमात, हे चित्र आपल्या किनाऱ्याला नवे नाही. तेथे "आजोबा आता शांत असतात" हा निरोप ऐकून समाधान मानण्यापूर्वी, ते कशाने शांत झाले हे विचारले पाहिजे.

रात्रंदिवस सेवा करून थकलेल्या कुटुंबियांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना मदतीचा हात हवा आहे. म्हणूनच त्यांनी डॉक्टरांना नि:संकोच विचारावे : निदान काय, औषधाचा हेतू काय, आणि ते किती दिवसांनी पुन्हा तपासणार? तरुण स्त्रीच्या बाबतीत तर हे विचारलेच पाहिजे, कारण गरोदरपणी व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मातांच्या दहातील सुमारे एका अपत्यात जन्मजात व्यंग आढळते. मात्र चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. त्याने जिवावर बेतणारे झटके येऊ शकतात.

औषधाने रुग्ण पुन्हा आपल्या मनाचा धनी होत असेल, तर तो उपचार. केवळ भोवतालच्यांची झोप साधत असेल, तर तो बंदोबस्त. हा भेद राखण्याची जबाबदारी डॉक्टरांची आहे, शासनाची आहे आणि आपलीही आहे.