आमखास म्हणजे काय रे?

शाळेत असताना मी आमखास मैदानावर फुटबॉल खेळलो. गुडघे तिथेच फुटले. पण ‘आमखास’ म्हणजे काय, हे ना कुणी सांगितलं, ना मी विचारलं. हा दरबारी शब्द आहे: आम म्हणजे रयत, खास म्हणजे मानकरी. शेजारची जामा मशीद मलिक अंबरच्या काळातली. त्यानेच १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे हेच आपलं शहर.

जर्मनीत पॉट्सडामला असंच एक मैदान आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत तिथे झेपेलिन, म्हणजे अवाढव्य हवाई जहाजं उतरत. हरल्यावर व्हर्सायच्या तहाने तो तळ मोडला. पुढे तिथे स्टेडियम झालं. आज खेळाडू तिथे सराव करतात, पण संकुलाचं नाव अजूनही ‘लुफ्टशिफहाफेन’, हवाई जहाजांचं बंदर.

आपण शहराच्या नावावरून तीन दशकं भांडलो. मैदानाच्या नावाला पाच मिनिटं दिली नाहीत. ‘पोरांना इतिहास नको, खेळायला जागा हवी,’ असं कुणी म्हणेल. अहो, जागा टिकवायलाच इतिहास लागतो! ज्या जागेची गोष्ट कुणाला ठाऊक नाही, ती नकाशावर ‘मोकळा प्लॉट’ ठरते. आणि मोकळ्या प्लॉटसाठी कोण रडतं?

पुढच्या मॅचला बुटाची लेस बांधताना शेजारच्याला एवढंच विचारा: आमखास म्हणजे काय रे?