रविवारचे प्रवचन आणि सोमवारची मजुरी

कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत बायबलमधले कोणते उतारे वाचायचे, हे धर्मगुरू ठरवत नाही. ते आधीच ठरलेले असतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत बायबलचे भांडार भाविकांसाठी अधिक खुले करायला सांगितले आणि १९६९ च्या आगमनकाळापासून तीन वर्षांचे वाचनचक्र सुरू झाले. अ वर्षात मत्तयचे शुभवर्तमान, ब वर्षात मार्कचे, क वर्षात लूकचे, तर पुनरुत्थानकाळात प्रामुख्याने योहानचे. त्याआधी सगळी वाचने एका वर्षात फिरत आणि रविवारी जुना करार फारसा कानी पडत नसे. आता बहुतेक रविवारी पहिले वाचन जुन्या करारातून येते आणि ते शुभवर्तमानाशी जोडून निवडलेले असते. कीर्तनकाराला निरूपणाचा अभंग निवडण्याची मोकळीक असते, धर्मगुरूला ती नाही. वरवर ही अडचण वाटते. पण शास्त्रवाचन आणि रोजचे जगणे यांची सांगड घालायची तर हीच या व्यवस्थेची सर्वांत मोठी ताकद आहे. सोयीचे तेवढे बोलून गैरसोयीचे टाळण्याची पळवाट ती बंद करते. प्रश्न एवढाच, की पुढ्यात आलेला गैरसोयीचा उतारा प्रवचनात तसाच पोचतो की गुळगुळीत होऊन.

क वर्षातला सामान्यकाळाचा पंचविसावा रविवार पाहा. पहिले वाचन आमोस संदेष्ट्याचे. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला हा तकोवाचा मेंढपाळ इस्राएलच्या व्यापाऱ्यांवर तुटून पडतो. शब्बाथ कधी संपतो आणि धान्य विकायला कधी बसतो, याची ते वाट पाहत आहेत. माप लहान करायचे, किंमत वाढवायची, तराजूत खोट ठेवायची, धान्यातला गाळसाळही विकून टाकायचा, असा त्यांचा बेत आहे. आमोसाच्या तक्रारीचा रोख लक्षात घ्यायला हवा. ही माणसे अधार्मिक नाहीत, ती सण पाळतात. फक्त सणाचा बाजाराशी संबंध येऊ देत नाहीत. त्याच दिवशीचे लूकचे शुभवर्तमान देव आणि धन या दोघांची चाकरी एकदम करता येत नाही, असे बजावते. अशा रविवारी प्रवचन ‘मन निर्मळ ठेवा’ एवढ्यावरच थांबले, तर आमोसाने ज्या दोषावर बोट ठेवले तोच दोष त्या प्रवचनात उतरतो.

दुसरे उदाहरण अ वर्षातले, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचे. मालक पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा बाजारात जाऊन मजूर आणतो आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिनार देतो. दिनार ही तेव्हाची दिवसभराची मजुरी. हा दाखला देवाच्या कृपेबद्दल आहे, हे खरेच. ‘माझे विचार तुमच्या विचारांसारखे नाहीत’ हे सोबतचे यशयाचे वाचनही तेच सुचवते. पण ‘दिवसभर इथे रिकामे का उभे आहात?’ या प्रश्नावर मजुरांनी दिलेले ‘आम्हाला कोणी कामावर घेतले नाही’ हे उत्तर मुंबईच्या कोणत्याही मजूर नाक्यावर सकाळी दहानंतर ऐकू येईल. काम मिळाले नाही म्हणून त्या घरातली भूक अर्धी होत नाही. मालकाच्या औदार्याला अर्थ येतो तो याच वास्तवामुळे. नाका वगळून कृपेबद्दल बोलले, तर कृपाही पोकळ होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: चर्चमध्ये राजकारण नको. त्यात तथ्य आहे. मत कोणाला द्यावे किंवा अमुक कायदा कसा असावा, हे सांगायचा अधिकार आमोस कोणाला देत नाही. बायबल आर्थिक धोरणाचा आराखडा नव्हे. पण खोटे माप आणि थकवलेली मजुरी हे विषय प्रवचनकाराने बाहेरून आणलेले नाहीत, ते वाचनातच आहेत. मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी आक्रोश करते, हे याकोबाच्या पत्रातले वाक्य ब वर्षात रविवारीच वाचले जाते, आणि कामगारांच्या हक्कांवरील १८९१ च्या परिपत्रकात पोप तेरावे लिओ यांनी त्याचाच आधार घेतला होता. ते वाचून त्यावर गप्प बसणे तटस्थपणाचे नाही. त्या गप्प बसण्याने मजुरी अडवणाऱ्याची सोय होते. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पाणी आणि जमिनीच्या प्रश्नावर आवाज उठवला, बायबलचे मराठी भाषांतरही केले. ही दोन वेगळी कामे होती, असे म्हणणे कठीण आहे.

दुसरा आक्षेप अधिक मर्मावर बोट ठेवतो: वाचनांची निवड करणारेही काही वगळतातच. एकशे सदतिसावे स्तोत्र उपवासकाळात गायले जाते, पण त्यातल्या शेवटच्या सूडाच्या ओळी गाळून. हे मान्य करायला हवे. तरीही सगळ्या जगासाठी उघडपणे एकदा केलेली निवड कोणालाही तपासता येते. प्रत्येक आठवड्याला एका माणसाने मनात केलेली निवड तशी तपासता येत नाही.

खरी उणीव वेगळीच आहे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार मिस्सेतले प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन यांनीच करायचे असते. पण दुकान चालवणे, ठेकेदाराकडे राबणे, मुलांची फी भरणे, घरकामाच्या बाईचा पगार ठरवणे, हे सारे बहुतांशी बाकांवर बसलेल्यांच्या वाट्याला येते. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या उपदेशपत्रात प्रवचनकाराला वचनाबरोबर लोकांचेही ऐकायला सांगितले, ते उगाच नव्हे. वाचनांचे वेळापत्रक आधीच जाहीर असते. मग त्या रविवारचा उतारा आठवडाभर आधी भाजीवाली, परिचारिका, कारखानदार आणि नाक्यावरचा मजूर यांनी धर्मगुरूसोबत बसून वाचायला काय हरकत आहे? शास्त्रवचनाने प्रवचनकाराला एका बाजूने बांधलेच आहे. लोकांच्या अनुभवाने दुसऱ्या बाजूने बांधले, तर प्रवचन सोमवारच्या हिशेबालाही लागू पडेल.