वाळवंटात घाम दिसत नाही, पण पाणी जातं

दिवाळीच्या सुट्टीत सुरगाण्याहून राजस्थानला निघालेली कुटुंबं विचारतात, "डॉक्टर, आईला बीपी आहे, शुगर आहे. तिला न्यावं का?" तब्येत स्थिर असेल तर माझं मत स्पष्ट आहे : जरूर न्या, पण सहलीचा वेग आईच्या चालीने ठरवा.

आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत घाम अंगावर दिसतो. जैसलमेरच्या कोरड्या हवेत तो लगेच उडून जातो. त्यात वाढत्या वयात तहान कमी जाणवते, बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. शिवाय वाटेत स्वच्छतागृह मिळेल का, या काळजीने अनेक बायका पाणीच पीत नाहीत. मग किल्ल्याची चढण चढताना चक्कर येते आणि आपण म्हणतो, "वय झालं." अनेकदा ते वय नसतं, पाणी कमी पडलेलं असतं.

म्हणून किल्ला सकाळी, दुपारी विश्रांती आणि जैसलमेरपासून साधारण ४० किलोमीटरवरच्या समच्या वाळूच्या टेकड्या संध्याकाळी. थोडं थोडं पाणी पीत राहा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर प्रमाण आधी विचारून घ्या. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नका, बर्फालाही थेट लावू नका. जोधपूरच्या मेहरानगडावर लिफ्ट आहे. ती वापरण्यात कमीपणा नाही. पाठ दुखत असेल तर उंटाचा हट्ट नको.

एखादा महाल राहिला तरी चालेल. आई सोबत हवी.