संगणककक्षातील पवारणा

वसतिगृहाच्या संगणककक्षात प्रत्येक यंत्रावर देखरेखीचे सॉफ्टवेअर बसवावे, अशी सूचना अनेक पालकांकडून होत असते. तीमागची काळजी खरी आहे. मालाडच्या मालवणी, कुरार, आप्पापाडा अशा वस्त्यांतून येणाऱ्या कित्येक मुलांच्या हाती पहिला संगणक शाळेतच पडतो. तो वेळ खेळांत आणि व्हिडिओंत वाया जाऊ नये, असे आईवडिलांना वाटणारच. देखरेखीला आमचा विरोध नाही. मुलांना न सांगता केलेल्या देखरेखीला मात्र आहे.

हे सॉफ्टवेअर काय टिपते? कोणते अ‍ॅप उघडले, कोणती विंडो पडद्यावर सर्वांत पुढे होती, किती मिनिटे होती, कळफलक व माउस केव्हा हलले. काही प्रकार ठरावीक वेळाने पडद्याचे छायाचित्रही घेतात. पाली व्याकरणाचे एक पान अर्धा तास मन लावून वाचणारी मुलगी या नोंदीत निष्क्रिय ठरते, आणि उगाच माउस फिरवणारा मुलगा उद्योगी. माइंडस्पेसच्या कार्यालयांत रात्रपाळी केलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही!

लपवाछपवी कुठवर जाते, ते अमेरिकेत दिसले. पेनसिल्व्हेनियातील लोअर मेरियन येथील शाळांनी मुलांना लॅपटॉप दिले होते. हरवलेले यंत्र शोधता यावे म्हणून त्यांचा कॅमेरा दुरून सुरू करण्याची सोय होती; मुलांना ती ठाऊक नव्हती. मुलांची घरातली छायाचित्रे टिपली गेली. २०१० मध्ये प्रकरण न्यायालयात गेले आणि शाळांच्या प्रशासनाला ६ लाख १० हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली आहे. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक काम व मुलांची सुरक्षितता यांपुरती सूट आहे. सूट आहे म्हणून ती पुरेपूर वापरलीच पाहिजे, असे थोडेच आहे?

आपल्याजवळ तर फार जुना दाखला आहे. वर्षावासाच्या अखेरीस, आश्विन पौर्णिमेला, भिक्खू पवारणा करतात. आपल्या वागण्यात काही दोष दिसला, ऐकला वा त्याचा संशय आला असेल तर तो सांगावा, अशी विनंती प्रत्येक जण संघाला करतो. येथेही एकमेकांवर लक्ष असतेच. पण ते ज्याच्यावर असते त्याला ते ठाऊक असते, तो स्वतः ते मागतो, आणि दोष सांगणारा समोर बसलेला असतो. संयुत्तनिकायातील पवारणासुत्तात तर प्रथम तथागतच भिक्खूंना आपल्याविषयी विचारतात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. सॉफ्टवेअर बसवण्याआधी ते मुलांना चालवून दाखवावे. आठवड्याची नोंद प्रथम त्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, त्याचे म्हणणे ऐकावे, मगच पालकांना कळवावे. सत्र संपताच नोंद पुसून टाकावी. आणि हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा बसेल ते मुख्याध्यापकांच्या कार्यालयातील संगणकावर.