कोयनेच्या रानातले पायदळ

कराडहून चिपळूणकडे निघालेली कुटुंबे कोयनानगरला थांबतात. धरणाची भिंत लांबून पाहतात, नेहरू उद्यानात मुलांना खेळवतात, ओझर्ड्याचा धबधबा पाहून परततात. शिवसागराच्या काठच्या रानातून रोज पायी कोण फिरते, हे मात्र कुणाच्या ध्यानी येत नाही. हे रान १९८५ साली अभयारण्य झाले. २०१० मध्ये चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत त्याचे नाव गेले. पाट्या बदलत गेल्या. रान राखणारा माणूस तोच राहिला: वनरक्षक आणि त्याच्या सोबतीचा रोजंदारीवरचा वनमजूर.

त्यांचे काम ऋतूप्रमाणे बदलते. नवजा परिसरात वर्षाला अनेकदा पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. ओढे फुगतात, वाटा बुजतात, पायांना जळवा चिकटतात, तरी गस्त चुकत नाही. पावसाळा सरला की जाळरेषा काढायच्या. उन्हाळ्यात सड्यावर वणवा लागला, तर हिरव्या डहाळ्यांनी तो झोडपत रात्र काढायची. मध्येच कॅमेरे बांधणे, पाणवठे साफ करणे, पायठशांची आणि विष्ठेची नोंद ठेवणे आहेच.

याहून अवघड काम गावात असते. गव्यांनी रात्रीत भात तुडवले, की सकाळी नुकसानीचा पंचनामा करायला वनरक्षकच उभा. रात्री ज्या जनावराची राखण केली, त्याच्याबद्दलच्या शिव्या सकाळी त्यानेच ऐकायच्या. वनमजूर तर बहुधा त्याच पंचक्रोशीतला. ज्याचे पीक गेले तो त्याचा चुलता किंवा मेहुणा असतो. भरपाईला उशीर झाला, तर जाब त्याला पारावर द्यावा लागतो. मंत्रालयात तो कोण विचारणार?

या पंचक्रोशीने आधीच पुष्कळ सोसले आहे. धरणाने खोऱ्यातली गावे पाण्याखाली नेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने घरे पाडली. पुढे अभयारण्य झाले आणि काही वस्त्यांना पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागले. त्याच घरांतली मुले आज हे रान राखत असतील, तर सरकारने त्यांना निदान हंगामी मजूर समजू नये. शासनाने १९९६ आणि २०१२ मध्ये जुन्या रोजंदारी वनमजुरांना सेवेत कायम केले, हे खरे. पण त्यांतले बरेच जण आता निवृत्त झाले आहेत, आणि त्यांच्याबरोबर वाटांची, पाणवठ्यांची, गव्यांच्या फिरण्याची माहितीही घरी गेली. नव्या वनरक्षकाच्या परीक्षेला बारावी लागते, पुरुष उमेदवारांना पाच किलोमीटर धावावे लागते. ठसा बिबट्याचा की कुत्र्याचा हे ओळखणाऱ्याला त्यात एकही गुण नाही!

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. २०१८ साली सह्याद्रीच्या कॅमेऱ्यात वाघ दिसला, २०२३ अखेरीस पुन्हा दिसला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची वाघीण चांदोलीत आणली गेली. वाघिणीच्या गळ्यात पट्टा आहे, तिचा ठावठिकाणा यंत्र सांगते. तिच्या मागावर चालणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा काठीच असते. धोका कल्पनेतला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यातच व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तिच्यासोबत वनमजूर होते.

दरवर्षी ११ सप्टेंबरला वन हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. ती द्यावीच. पण जिवंत माणसांसाठीही काही करता येईल. भरतीत खोऱ्यातल्या तरुणांना रानाच्या जाणकारीचे गुण मिळावेत. निवृत्त वनमजुरांना नव्या पोरांबरोबर फिरण्यासाठी मानधनावर बोलवावे. रोजंदारीवरच्या प्रत्येकाचा विमा असावा. आणि रेनकोट, गमबूट, विजेरी हे साहित्य ऑगस्टमध्ये नव्हे, मेअखेर चौकीवर पोचावे.