बहिणीची सही



लावणी उरकली. खाचरं भरलीत, बेणणीला अजून आठ दिवस आहेत. हात रिकामे झाले की डोकं चालू होतं, म्हणून आज खतपाण्यावर नाही, सातबाऱ्यावर लिहितो.

आमचे वडील 2011 साली गेले. वारस नोंदीला मी, धाकटा भाऊ, आई आणि पोलादपूर तालुक्यात दिलेली बहीण, अशी चार नावं लागली. वर्षभरात बहिणीला महाडला बोलावलं आणि दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. मग एका हॉटेलात मिसळ खाल्ली, तिला साडी घेतली, एसटीत बसवून दिलं. गावात सगळे असंच करतात, त्यामुळे काही चुकलं असं वाटलं नाही.

गेल्या वर्षी दाजी आजारी पडले. कर्ज काढायचं तर तिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. तिने मला पैसे मागितले नाहीत. पण मला ती सही आठवली.

कायदा तेव्हा माहीत नव्हता असं मी म्हणणार नाही. बहिणीची सही घ्यायला लागते, याचाच अर्थ तिचा हक्क होता. नसता तर सही कशाला घेतली असती?

आणि आपण कुठे राहतो बघा. 25 डिसेंबर 1927 ला याच महाडात बाबासाहेबांच्या परिषदेत मनुस्मृती जाळली. पुढे कायदेमंत्री झाल्यावर त्यांनी हिंदू कोड बिलात मुलींना वारसाहक्क मांडला. बिल रखडलं आणि 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. 1956 च्या वारसा कायद्यात मुलीला थोडं मिळालं. 1994 ला महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर सगळ्या मुली त्यात आल्या. लग्न कधी झालं ते बघायचं नाही. बाप 2005 च्या आधी वारला असला तरी हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 ला सांगितलं. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटप किंवा विक्री झाली असेल तर ते मोडत नाही. एवढी वर्षं लागली त्या कायद्याला, आणि आपण तो अर्ध्या तासात एका सहीने मिटवतो.

पारावर नेहमी निघतात ते तीन प्रश्न सांगतो. वकील नाही मी, विचारून विचारून शिकलो.

पहिला: सातबाऱ्यावर माझंच नाव आहे, म्हणजे जमीन माझीच ना? नाही. सातबारा महसुलाची नोंद आहे. नाव नाही म्हणून बहिणीचा हक्क जात नाही. साध्या कागदावर 'हिस्सा नको' लिहून घेतलं तरी जात नाही, त्याला नोंदणी केलेलाच दस्त लागतो. पण एकदा नोंदणी झाली की तो दस्त सहजासहजी मागे घेता येत नाही. म्हणून ताईंनो, पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका.

दुसरा: मृत्युपत्राला स्टॅम्प लागतो का? लागत नाही. साध्या कागदावर चालतं. लिहिणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार पाहिजेत. ज्याला मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, उगाच संशय येतो. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. जिवंत असेपर्यंत बदलता येतं, शेवटचं धरतात. मात्र वडिलोपार्जित जमिनीत आपल्या हिश्श्यापुरतंच लिहिता येतं.

तिसरा: बांधावरून भावाभावात मारामारी झाली, पोलिसात गेलो तर जमीन मिळेल? पोलीस मारामारीचं बघतात. जमीन कोणाची ते दिवाणी कोर्ट ठरवतं. दोघांवर गुन्हे दाखल होतात, तारखांना दोघांची मजुरी बुडते, बांध तिथेच राहतो.

यावर भावकीतून येणारं उत्तर मला पाठ आहे: "लग्नात दिलं की तिला." अरे, लग्न तर आपलंही बापानेच लावलं. आपला हिस्सा कापला का कोणी? दुसरं म्हणतात, "एवढीशी जमीन, तुकडे किती करायचे?" हे मात्र खरं आहे. इथे खाचरं कुठे पाच गुंठ्यांची, कुठे सातची. पण मुंबईला चाकरी करणाऱ्या भावाचं नाव आपण वीस वर्षं ठेवतो, तो कधी चिखलात उतरत नाही. त्याच्या वेळी तुकडे आठवत नाहीत.

माझ्यापुरतं सांगतो. माझ्या हिश्श्यातलं नदीकडचं खाचर बहिणीला बक्षीसपत्राने द्यायचं ठरवलंय. जमीन आजोबांपासूनची, म्हणून मुलगा आणि मुलगी दोघांची संमती घ्या, असं वकील म्हणाले. मुलगी लगेच हो म्हणाली. मुलगा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "आत्याला भात आपणच लावून द्यायचं का?" म्हटलं, हो, आणि अर्धं तिच्या घरी पोचवायचं.

बहिणीला अजून सांगितलेलं नाही. राखीला येईल तेव्हा सांगेन. गणपती झाले की महाडला जायचं. या वेळी दस्त तिला पूर्ण वाचून दाखवणार, मिसळ नंतर.

तुमच्याकडे कसं झालं ते खाली लिहा. भावांनी लिहा, आणि बहिणींनी तर नक्की लिहा.