साडेचार इंच

गडचिरोलीतल्या सूरजागडच्या डोंगराभोवती उन्हाळा तापू लागला की तेंदूपानाचा हंगाम येतो, आणि पहाटे रानातून तोडून आणलेली पाने पडवीत बसून सत्तर-सत्तरांच्या पुड्यांत बांधताना माडिया स्त्री पानांची चवड एका मुठीत दाबून धरते व दुसऱ्या हाताने सालीच्या दोरीचा फेर देऊन गाठ आवळते. मजुरी शेकडा पुड्यांवर ठरते. हात गमावलेल्या माणसासाठी काय करावे, हा विचार माझ्या मते या गाठीपासून सुरू झाला पाहिजे. आपल्याकडे तो बहुधा कृत्रिम हाताच्या रूपापासून सुरू होतो.

याच डोंगरावर आता लोहखनिजाची खाण आहे आणि एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्याने खनिजाचे ट्रक धावतात. कामावर असताना हात गमावणाऱ्या मजुराची नुकसानभरपाई 2025 पर्यंत 1923 च्या कायद्याच्या परिशिष्टावरून ठरत असे. खांद्याच्या सांध्यातून हात गेला तर अर्जनक्षमतेची हानी 90 टक्के, दंडाचा आखूड खुंट उरला तर 80, तेथून कोपराच्या टोकाखाली 11.43 सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे साडेचार इंचांपर्यंत, 70 आणि त्याही खाली 60. सरकारदरबारचा हा रूक्ष तपशील शल्यविद्येच्या अनुभवाशी जुळतो, कारण कोपर वाचला आणि त्याखाली साडेचार इंच उरले, तर पुढचे जवळजवळ सर्व मार्ग खुले राहतात. म्हणूनच चिरडलेला हात टेबलावर आला असता, घाईने वर छेद घेण्यापेक्षा त्वचारोपण करून का होईना लांबी राखणे, आणि कापलेल्या मज्जातंतूंची टोके पुढे दुखरी गाठ होऊ नये अशी स्नायूंत पुरणे, हे पहिल्या शल्यवैद्याचे कर्तव्य होय.

या साडेचार इंचांवर हर्मान क्रुकेनबर्ग या जर्मन शल्यवैद्याने 1917 साली, महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी, एक शस्त्रक्रिया रूढ केली. कोपराखालची दोन हाडे त्याने स्नायूंसह एकमेकांपासून विलग केली आणि त्यांचा चिमटा बनविला. दिसण्यात तो विरूप आहे, हे मी लपवीत नाही. परंतु त्यावर स्वतःची त्वचा असल्यामुळे त्याला स्पर्श कळतो, अंधारात दोरी सापडते, भाकरी किती गरम आहे हे समजते, आणि बॅटरी संपण्याचे भय नाही. दोन्ही हात व दृष्टीही गमावलेल्याला तर त्याची तोड नाही. रुग्णाला हा पर्याय निदान सांगितला तरी जावा.

हस्तप्रत्यारोपण आपल्या देशात 2015 साली कोचीत झाले, मुंबईत परळला 2020 साली झाले, आणि ज्यांनी ते घडविले त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण त्यानंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे जन्मभर, एक दिवस न चुकता घ्यावी लागतात आणि रक्ताची तपासणी वारंवार करावी लागते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेथल्या माणसाने ती औषधे कोठून आणावीत? स्नायूंच्या विद्युत्संकेतांवर चालणारा हातही घामाला, पाण्याला आणि येथल्या तांबड्या धुळीला बिचकतो.

उरतो तो पट्ट्यावर चालणारा आकडा. विरुद्ध खांद्यावरून पट्टा येतो, खांदा पुढे रेटला की तार ताणली जाते व आकडा उघडतो, सैल सोडला की रबराच्या कड्यांनी मिटतो आणि पानांची चवड घट्ट धरतो. गाठ दुसरा हात मारतो. पुण्याचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून अवयव बसवीत आले आहे. परंतु पुणे येथून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि तुटलेला पट्टा घेऊन तेथवर कोणी जात नाही, माणूस तो हात खुंटीला टांगून ठेवतो. माझी मागणी लहान आहे: एटापल्लीला माडिया बोलणारा एक कारागीर नेमावा, त्याला मोजमाप व दुरुस्तीचे शिक्षण द्यावे आणि जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात त्याच्या पगाराची तरतूद असावी. त्या आकड्याची तार सायकलच्या ब्रेकच्या तारेसारखीच नळीतून ओढली जाते, आणि सायकल दुरुस्त करणारा तर येथल्या बाजारात आजही बसतो.

— पथिक